फौजदार पोहोचण्याआधी

राईनपाडा हे धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं, गुजरातच्या हद्दीकडचं आदिवासी गाव. पोलीस ठाणं पिंपळनेरला. १ जुलै २०१८ ला रविवार होता आणि गावात आठवडे बाजार भरला होता. भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण त्या बाजारात आले. मूळचे सोलापूरकडचे, पालं पिंपळनेरला टाकलेली. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, ही अफवा त्या भागात कित्येक दिवस मोबाइलवरून गावोगाव जात होती. पाचांपैकी एक जण एका लहान मुलीशी बोलताना कुणाला तरी दिसला आणि बघता बघता बाजाराचा जमाव झाला. त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेलं गेलं आणि तिथेच मारून टाकलं गेलं. पिंपळनेर ठाण्याचे जे मोजके पोलीस आधी पोहोचले, त्यांच्यावरही जमाव उलटला.

त्याच रात्री मालेगावात तीच अफवा पसरली होती. मालेगाव पिंपळनेरहून सटाणामार्गे दोनेक तासांवर आहे. तिथेही एका लहान मुलासह पाच जणांना जमावाने घेरलं. पण मोहल्ल्यातल्या काही तरुणांनी त्यांना एका घरात नेऊन दार लावून घेतलं, पोलिसांना खबर गेली, आणि पोलीस त्या पाचही जणांना जिवंत बाहेर घेऊन गेले. पोलिसांच्या गाडीवर राग निघाला, पण माणसं वाचली.

या दोन घटना शेजारी शेजारी ठेवताना राईनपाड्याच्या पोलिसांवर अन्याय होता कामा नये. मालेगाव हे दाट वस्तीचं शहर आहे. २००६ आणि २००८ चे बॉम्बस्फोट सोसलेल्या त्या शहरात अनेक पोलीस ठाणी आहेत आणि अपर पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी तिथेच बसतो. राईनपाड्याला डोंगराळ रस्त्याने ठाण्याची गाडी पोहोचायची होती. पण एक गोष्ट या फरकापलीकडची आहे. मालेगावात पहिली हालचाल पोलिसांनी केली नाही. ती शेजाऱ्यांनी केली. आणि खबर कुणाला द्यायची, दिली तर कुणीतरी येईल, हे त्या शेजाऱ्यांना माहीत होतं.

सार्वजनिक सुरक्षेत पुढे जाऊन नेतृत्व करायचं असेल तर लोकप्रशासन का शिकावं, या प्रश्नाचं माझं उत्तर या एका रात्रीत आहे. कायदा शिकला की गुन्ह्याचं कलम कळतं, कवायत शिकली की जमावापुढे उभं राहता येतं. पण खबर पोहोचवणारी माणसं, ती घेणारा ठाणे अंमलदार, निर्णय घेणारा अधिकारी, वाहन, डिझेल, शेजारच्या ठाण्याची कुमक हे सगळं एका धाग्यात आधीपासून बांधून ठेवणं हे वेगळंच काम आहे. लोकप्रशासन हा त्या कामाचा अभ्यास आहे. परीक्षेत गुण मिळवून देणारा विषय म्हणून आपल्याकडे त्याची ओळख आहे, आणि ही ओळख फार तोकडी आहे.

विषय तसा जुना नाही. १८८७ मध्ये अमेरिकेत वुड्रो विल्सन या प्राध्यापकाने राज्यकारभार चालवण्याचं शास्त्र स्वतंत्रपणे शिकलं पाहिजे असा निबंध लिहिला. हेच विल्सन पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. १९३७ मध्ये ल्यूथर गुलिक यांनी प्रशासकाच्या कामाची सात अंगं सांगितली: नियोजन, संघटन, माणसांची भरती, निर्देशन, समन्वय, अहवाल आणि अंदाजपत्रक. विद्यार्थी ही यादी पाठ करतात आणि विसरतात. तिच्यातल्या समन्वय आणि अंदाजपत्रक या दोन शब्दांवर अनेकांचे जीव अवलंबून असतात, हे पुढे येईलच. भारतात दिल्लीची भारतीय लोकप्रशासन संस्था १९५४ मध्ये स्थापन झाली. महाराष्ट्रात अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचं काम पुण्याची यशदा करते, आणि फौजदार घडतात ते नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस प्रबोधिनीत.

मला या सगळ्या परंपरेत सर्वांत जवळच्या वाटतात त्या एलिनॉर ऑस्ट्रॉम. २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. गावाने सामाईक पाणी, कुरणं, जंगल कसं सांभाळावं यावरचं त्यांचं काम प्रसिद्ध आहे. पण त्याआधी, १९७० च्या दशकात, त्या पोलिसांचा अभ्यास करत होत्या. त्या काळी अमेरिकेत बहुतेक तज्ज्ञांचं म्हणणं होतं की लहान लहान गावांची पोलीस दलं बंद करून एकच मोठं दल करावं, म्हणजे काम चोख होईल. ऑस्ट्रॉम आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी इंडियानापोलिस शहर आणि त्याच्या कडेची छोटी उपनगरं यांची घरोघर जाऊन तुलना केली. लहान दलांचं काम मोठ्या दलापेक्षा कमी भरलं नाही, बऱ्याच बाबतींत सरसच निघालं, कारण गस्तीचा शिपाई लोकांच्या ओळखीचा होता. प्रयोगशाळा, बिनतारी यंत्रणा, प्रशिक्षण यांसारख्या गोष्टी मात्र मोठ्या प्रमाणावर एकत्र केलेल्या बऱ्या. या अभ्यासातून त्यांच्या गटाने जो विचार मांडला तो असा: सुरक्षा ही पोलिसांनी तयार करून लोकांना वाटण्याची वस्तू नाही. ती लोक आणि पोलीस मिळून तयार करतात. लोकांनी हात काढून घेतला की पोलीस कितीही कुशल असले तरी ती तयार होत नाही.

पिंपळनेरच्या माणसाला हे ऐकून नवल वाटू नये. ज्या पांझरेच्या काठी हे गाव वसलं, तिच्या खोऱ्यात कित्येक पिढ्या फड पद्धत चालत आली आहे. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली फड. एका फडात एकच पीक, आणि कोणत्या फडाला यंदा काय लावायचं ते शेतकऱ्यांच्या पंचांनी ठरवायचं. पाणी पाळीने सोडायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या, त्यांच्यावर हवालदार. त्यांचा मोबदला शेतकरीच देत. हंगामाच्या आधी पाट साफ करायला सगळ्यांनी यायचं. इथे नियम आहे, नेमलेली माणसं आहेत, पगार आहे, देखरेख आहे, आणि मुख्य म्हणजे पाणी चोरलं गेल्यावर धावाधाव करण्याआधीची व्यवस्था आहे. लोकप्रशासनाच्या वर्गात हे उदाहरण खान्देशातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात शिकवलं जावं असं मला मनापासून वाटतं.

आता हीच गोष्ट पोलीस खात्यात कुणी करून दाखवली का? दाखवली, आणि महाराष्ट्रातच. १९८४ च्या दंगलीत भिवंडी होरपळली होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीला सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून गेले. त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही धर्मांची साधी माणसं, कामगार, दुकानदार त्यात घेतले आणि प्रत्येक समितीची जबाबदारी ठाण्यातल्या कर्मचाऱ्यावर टाकली. शांतता समिती म्हणून दंगलीच्या आदल्या दिवशी पुढाऱ्यांना चहाला बोलावायची जी पद्धत सगळीकडे आहे, तिच्याहून हे निराळं होतं. या बैठका काही घडलेलं नसतानाही व्हायच्या. नळाचं भांडण, घराच्या भिंतीचा वाद असले किरकोळ विषय तिथे निघायचे, आणि त्यातून हवालदार आणि गल्ली एकमेकांना ओळखू लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईनेही मोहल्ला समित्यांचा मार्ग धरला. खोपडे यांचं वेगळेपण मला यात दिसतं की त्यांनी दंगल हाताळण्याचा विचार करण्याआधी ठाण्यातल्या कामाची वाटणी बदलली. हा निर्णय प्रशासकाचा होता, शूर शिपायाचा नव्हे. शौर्य लागतंच, पण ते शेवटी लागतं.

खेड्यात लोक आणि ठाणं यांना जोडणारी कडी कोण? कागदावर तिचं नाव पोलीस पाटील. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम १९६७ खाली तो नेमला जातो. त्या गावचाच रहिवासी, मानधनावर काम करणारा. शांतता बिघडेल अशी कोणतीही खबर ठाण्याला आणि दंडाधिकाऱ्याला पोहोचवणं हे त्याचं काम. शिवाय २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेच्या समित्या आहेत, ग्रामसभा आहे, तलाठी आणि ग्रामसेवक आहेत, आशाताई आणि अंगणवाडीताई आहेत. म्हणजे गावात सरकारच्या ओळखीची माणसं कमी नाहीत. अडचण अशी की मोबाइलवरच्या अफवेची खबर यांपैकी कुणी कुणाला द्यायची, हे ठरलेलं नसतं. त्या उन्हाळ्यात देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक तर कराचीतल्या बालसुरक्षेच्या जनजागृती फितीतून तोडून काढलेली होती. तिच्या शेवटी मूल परत आणून सोडतात तो भागच कापला होता. ही एवढी गोष्ट आधीच ग्रामसभेत दाखवली असती, बाजाराच्या दिवशी दवंडी दिली असती, पालांवरच्या भटक्या माणसांची गावाशी ओळख करून दिली असती तर काय झालं असतं, हे कुणालाच सांगता येणार नाही. पण हे करायला बंदूक लागत नाही, फौजफाटा लागत नाही, आणि म्हणून ते न करण्याला सबबही उरत नाही.

राईनपाड्यानंतर सोळा दिवसांनी, १७ जुलै २०१८ ला, सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला प्रकरणात झुंडबळींविषयी निकाल दिला. त्यातले निर्देश वाचले की ते लोकप्रशासनाच्या पाठ्यपुस्तकातले वाटतात. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाहून कमी नसलेल्या दर्जाचा समन्वय अधिकारी नेमा. अफवा आणि चिथावणीची माहिती गोळा करणारं पथक ठेवा. संवेदनशील भाग आधीच ओळखा, गस्त घाला. आणि हे न करणाऱ्या अधिकाऱ्याची ती कर्तव्यातली कसूर माना. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. अफवा मात्र मोबाइलशिवायही जीव घेते. २२ जानेवारी २०२५ ला जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची आवई उठली, प्रवासी रुळांवर उतरले, आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली किमान बारा जण गेले. आग नव्हतीच.

पिंपळनेरच्या, साक्रीच्या, दोंडाईच्याच्या मुलामुलींपुढचा व्यावहारिक प्रश्न आता घेऊ. ही वाट कुठून जाते? पदवी कोणतीही चालते. फौजदारकीची परीक्षा लोकसेवा आयोग घेतो. उपअधीक्षक, तहसीलदार, नगरपालिकेचा मुख्याधिकारी ही पदं राज्यसेवेतून भरली जातात. केंद्रीय परीक्षेत लोकप्रशासन हा वैकल्पिक विषय घेतला तर अडीचशे गुणांचे दोन पेपर असतात. त्यातल्या दुसऱ्या पेपरात जिल्हा प्रशासन, कायदा-सुव्यवस्थेचं प्रशासन, पोलीस आणि जनता यांचे संबंध, पोलीस सुधारणा, आपत्ती व्यवस्थापन हे सगळं नावानिशी आहे. घरी राहून शिकायचं असेल तर इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची लोकप्रशासनातली एमए आहे, आपत्ती व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविकाही आहे. अग्निशमनाकडे ओढा असेल तर नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय देशात नावाजलेलं आहे. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाचे आपत्ती व्यवस्थापनावरचा आणि सार्वजनिक सुव्यवस्थेवरचा हे दोन अहवाल कोणत्याही क्लासच्या नोट्सपेक्षा जास्त देतात.

पण नुसता विषय घेतल्याने काही होत नाही, आणि न घेतल्याने अडतही नाही. याचा पुरावा पिंपळनेरच्या शेजारीच आहे. सामोडे गाव पिंपळनेरला लागून. तिथल्या भिल्ल कुटुंबात डॉ. राजेंद्र भारुड वाढले. जन्माआधीच वडील गेलेले, आईने मोहाची दारू विकून घर चालवलेलं. नवोदय विद्यालय, मग मुंबईचं जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय, आणि २०१३ च्या तुकडीतून भारतीय प्रशासकीय सेवा. त्यांची गोष्ट सहसा गरिबीवर मात केल्याची म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेच. मला मात्र तिच्यातला पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो.

कोरोनाच्या काळात ते नंदुरबारचे जिल्हाधिकारी होते. हा जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला, बहुसंख्य आदिवासी, सातपुड्यातले पाडे, आणि द्रवरूप प्राणवायूचे टँकर येणार ते लांबून. सप्टेंबर २०२० मध्ये त्यांनी मिनिटाला ६०० लिटर क्षमतेचा पहिला प्राणवायू प्रकल्प उभारला. हवेतला नायट्रोजन शोषून घेऊन प्राणवायू वेगळा काढणारं यंत्र. टँकरची वाट बघावी लागत नाही. त्या वेळी जिल्ह्यात दिवसाला जास्तीत जास्त दोनशेच्या आत रुग्ण सापडत होते आणि देशभर लाट ओसरायला लागली होती. साथ संपली असं सगळे म्हणत असताना त्यांचं लक्ष अमेरिका आणि ब्राझीलमध्ये पुन्हा चढत्या आकड्यांकडे होतं. २०२१ च्या पहिल्या काही महिन्यांत आणखी दोन प्रकल्प झाले आणि क्षमता मिनिटाला सुमारे ३,००० लिटरवर गेली. एप्रिलमध्ये मोठमोठ्या शहरांतली रुग्णालयं प्राणवायूसाठी टाहो फोडत होती, तेव्हा दिवसाला हजाराच्या वर रुग्ण बघितलेल्या नंदुरबारकडे स्वतःचा पुरवठा होता. शेजारच्या भागातले रुग्णही तिकडे येऊ लागले.

डॉक्टर असल्यामुळे त्यांना प्राणवायूची निकड कळली, हे खरं. पण निकड कळलेले डॉक्टर देशात हजारो होते. जिल्हा नियोजनाचा निधी, आपत्ती निवारणाचा निधी आणि कंपन्यांकडून मिळणारा सामाजिक निधी हे तीन वेगवेगळ्या खिशांतले पैसे एका यंत्रासाठी एकत्र आणणं, आणि तेही गरज डोळ्यांना दिसत नसताना, हे प्रशासन आहे. गुलिक यांच्या यादीतलं अंदाजपत्रक ते हेच. लेखापरीक्षणाच्या भीतीने फाइल पुढे ढकलणारे अधिकारी वाईट माणसं नसतात. बहुतेकदा त्यांना नियमातली मोकळी जागा माहीत नसते. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ चं पन्नासावं कलम तातडीच्या खरेदीसाठी निविदेची अट बाजूला ठेवण्याची मुभा देतं. एका कलमाचं हे ज्ञान नसेल तर चांगला माणूसही हातावर हात ठेवून बसतो. म्हणून कायद्याचा मूळ मजकूर वाचायची सवय विद्यार्थिदशेत लागली पाहिजे.

हाच कायदा जिल्हाधिकाऱ्याला जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचा अध्यक्ष करतो, पोलीस अधीक्षकाला सदस्य करतो, आणि जिल्ह्याचा आराखडा दरवर्षी सुधारून घ्यायला सांगतो. पिंपळनेरच्या विद्यार्थ्याने अभ्यासाला सुरुवात करायची ती धुळे जिल्ह्याच्या या आराखड्यापासून. वर लाटीपाडा धरण, खाली अक्कलपाडा, त्याच्या खाली धुळे शहर. ऑगस्ट २०१९ मध्ये पांझरेला आलेल्या पुराने शहरातल्या पुलांना तडाखा दिला. धरणाचे दरवाजे जलसंपदा खात्याच्या हाती, इशारा महसूल खात्याने द्यायचा, रस्ता पोलिसांनी अडवायचा, माणसं महापालिकेने हलवायची. चार खाती आणि एक नदी. या चौघांत फोन कोणत्या क्रमाने फिरतो, रात्री दोनला तो कोण उचलतं, हे आराखड्यात लिहिलेलं आहे का ते बघावं. त्याच महिन्याच्या शेवटी, ३१ ऑगस्टला, शिरपूर तालुक्यात वाघाडीजवळच्या रसायन कारखान्यात स्फोट होऊन बाराहून अधिक कामगार आणि त्यांच्या घरची माणसं गेली. तिथे पाचवं खातं येतं, कारखाने निरीक्षकाचं, आणि सहावं कामगार खात्याचं.

पिंपळनेरपुरता एक प्रश्न अगदी ताजा आहे. ग्रामपंचायत जाऊन आता इथे नगर परिषद आली. लोक घरपट्टीचं आणि वॉर्डांचं बोलतात. पण या बदलाने आगीची जबाबदारीही बदलली. ग्रामपंचायत असताना बंब तालुक्याहून किंवा साखर कारखान्याकडून यायची वाट बघणं हे नशीब म्हणून सोडून देता येत होतं. नगर परिषदेला अग्निशमन हे कर्तव्य आहे, आणि २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाखाली शाळा, मंगल कार्यालयं, दुकानं, दवाखाने यांच्या इमारतींची तपासणी व्हायला हवी. बंब किती, त्यावर प्रशिक्षित माणसं किती, बाजारपेठेच्या गल्लीत तो वळतो का, पाणी भरायचं कुठे, हे प्रश्न मुख्याधिकाऱ्याच्या टेबलावरचे आहेत. महाविद्यालयातल्या एखाद्या गटाने एक सुट्टी घालवून गावाचा असा नकाशा काढला, प्रत्येक गल्लीची रुंदी टेपने मोजली आणि नगर परिषदेच्या सभेत ठेवला, तर लोकप्रशासनाचा प्रकल्प म्हणून तो कोणत्याही विद्यापीठात शोभेल. मोजायला घेतलंच तर बाजाराच्या दिवशी मोजावं, हातगाड्या आणि मोटारसायकली लागलेल्या असताना. कारण बंब आला तर तो त्या उरलेल्या जागेतूनच जाणार आहे.